पाणी जेथे थांबते : पाणथळ जागांचा शालेय नकाशा

ठाणे जिल्ह्याचा नकाशा काढावयास सांगितला, म्हणजे तिसरी-चौथीचा विद्यार्थी प्रथम जिल्ह्याची सीमा आखतो, पूर्वेस सह्याद्रीची रांग दाखवितो आणि मग निळा खडू घेऊन उल्हास, काळू व भातसा या नद्या डोंगरापासून खाडीपर्यंत ओढून आणतो. नकाशा बरोबर असतो आणि गुरुजी त्यास पूर्ण गुण देतात. परंतु त्या नकाशात केवळ वाहणारे पाणी असते. थांबणारे पाणी त्यात कोठेही नसते. गावाबाहेरचे तळे, पावसाळ्यात चार महिने ओली राहणारी सखल जमीन, खाडीकाठचे खाजण, तिवरांखालचा चिखल, भाताची बांध घातलेली खाचरे यांपैकी एकही गोष्ट त्यात आलेली नसते. मोठ्या माणसांच्या मनातील नकाशाही बहुधा असाच असतो. पाणी वाहून जाते तेवढेच आपण ध्यानात ठेवतो. ते मुक्काम कोठे करते हे विसरतो, आणि ज्या दिवशी ते आपल्या ओसरीवर मुक्कामास येते, त्या दिवशी आपणांस नवल वाटते.

अशा थांबणाऱ्या पाण्याच्या जागांस पाणथळ जागा म्हणतात. तेथे पाणी बाराही महिने असलेच पाहिजे असे नाही. वर्षातून काही काळ जमीन पाण्याने भरलेली वा भिजलेली राहते आणि तेथील माती, वनस्पती व प्राणी त्या ओलीस सरावलेले असतात, एवढे पुरे. या दृष्टीने पाहिल्यास आपला जिल्हा पाणथळ जागांनी फार संपन्न आहे. ठाणे शहरास तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, रायलादेवी, उपवन ही नावे तेथील मुलांच्या तोंडी असतात. कल्याणात काळा तलाव आहे. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तेथे २०१५ साली अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली खाडीच्या ६,५२१ हेक्टर क्षेत्रास रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ही मोठी व नामांकित स्थळे झाली. या लेखाचा विषय मात्र त्यांहून लहान व बिननावाच्या जागा हा आहे.

प्रथम दोन घटनांचे स्मरण केले पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथील वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या पावसाच्या तडाख्यात ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावेही सापडली. उल्हास व वालधुनी या नद्या पात्र सोडून वस्तीत शिरल्या आणि समुद्रास भरती असल्यामुळे पाण्यास बाहेर पडावयास वाट राहिली नाही. त्या संकटात राज्यात हजाराहून अधिक माणसे दगावली. दुसरी घटना २७ जुलै २०१९ ची आहे. मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. रूळ दिसेनासे झाले, भोवताली सर्वत्र पाणी पसरले आणि हजाराहून अधिक उतारूंना होड्यांतून बाहेर काढावे लागले. रेल्वेचा मार्ग त्या ठिकाणी नदीच्या पूरमैदानातून जातो. नदीने परक्या जागेत पाऊल टाकले असे म्हणता येणार नाही. ती आपल्याच ओट्यावर पसरली होती.

आता हे पाणी कोठून येते ते पाहू. उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या गावांवरून कल्याणास येते. काळू माळशेज घाटाच्या परिसरातून आणि भातसा कसाऱ्याकडील डोंगरांतून येते. या दोघींचे पाणी कल्याणच्या परिसरात उल्हासला मिळते आणि तेथून पुढे खाडी सुरू होते. डोंगराचा माथा व खाडीचे मुख यांत अंतर थोडे आणि उतार मात्र फार उभा. म्हणून घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांतच सपाटीवर उतरतो. वाटेत त्यास थोपविणाऱ्या जागा जितक्या अधिक, तितका तो सावकाश येतो. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात उथळ तळी साचतात आणि पठारावरील दलदल पाणी धरून ठेवते. माहुलीसारख्या किल्ल्यांवर व नाणेघाटात खडकात खोदलेली टाकी आहेत. टाक्यांतील पाण्याने पूर अडत नाही हे खरे. ती पिण्याच्या पाण्यासाठी खोदलेली आहेत. परंतु डोंगरावर पाणी कोठे थांबते हे आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने पाहिले होते, याची ती साक्ष आहेत.

उंच डोंगरातील पाणथळ जागांचा विचार हिमालयात अधिक गांभीर्याने करावा लागतो. तेथील ओली कुरणे व दलदली बर्फाचे पाणी शोषून घेतात आणि ते हळूहळू सोडतात. परंतु हिमनद्यांच्या तोंडाशी दगडगोट्यांच्या ढिगाऱ्यामागे साचलेली सरोवरे हे निराळेच प्रकरण आहे. ढिगारा फुटला, तर सबंध सरोवर एकदम खाली येते. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरच्या अंगास असलेले चोराबारी सरोवर असेच फुटले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्तर सिक्कीममधील सुमारे ५,२०० मीटर उंचीवरचे दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तिस्ता नदीस महापूर आला आणि चुंगथांगचे धरण वाहून गेले. या दुसऱ्या सरोवराची गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. ते वर्षानुवर्षे वाढत असल्याचे उपग्रहांच्या चित्रांवरून शास्त्रज्ञांस ठाऊक होते, आणि २०१६ साली तेथे नळ टाकून पाण्याची पातळी उतरविण्याचा प्रयत्नही झाला होता. म्हणजे नकाशा होता. तथापि केवळ नकाशा असणे आणि तो खालच्या गावातील माणसाच्या हाती असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. सरोवर फुटण्याचे भय आपल्या जिल्ह्यास नाही, पण ही दुसरी उणीव आपल्याकडेही आहे.

पाणथळ जागा पुराचा जोर कसा कमी करते हे मुलांस गणिताने पटविता येते, आणि आमच्या मते ते गणितानेच पटवावे. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी झाले? दहा लक्ष चौरस मीटर गुणिले दशांश एक मीटर, म्हणजे एक लक्ष घनमीटर; लिटरांत सांगावयाचे तर दहा कोटी लिटर. आता गावचे एक लहानसे तळे घ्या. लांबी ६० मीटर, रुंदी ४० मीटर, क्षेत्र २,४०० चौरस मीटर. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याची पातळी काठाच्या एक मीटर खाली असेल, तर त्यात २,४०० घनमीटर, म्हणजे २४ लक्ष लिटर पाणी आणखी मावेल. सुमारे अडीच हेक्टरांच्या वस्तीवर पडलेला १०० मिलिमीटर पाऊस ते एकटे सामावून घेते. भाताचे खाचरही असेच काम करते. एक हेक्टर खाचरात बांधाच्या आधाराने १५ सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर ते १,५०० घनमीटर भरते. शेतकऱ्याने ते पिकासाठी अडविलेले असते. पण तेवढे पाणी त्या तासाला नाल्यात जात नाही, हा खालच्या गावास झालेला लाभच होय.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर मुलांची भलती समजूत होईल. २००५ सालासारखा पाऊस पडला, तर कोणतेही तळे पुरे पडणार नाही. आपले वरील तळे ९४४ मिलिमीटरांपैकी पहिल्या १०० मिलिमीटरांतच भरून जाईल. अशा दिवशी पाणथळ जागांचा उपयोग पूर टाळण्यासाठी नसून त्याची चढण मंद करण्यासाठी असतो. घरात पाणी शिरण्यापूर्वी अर्धा तास अधिक मिळाला, तर म्हातारी माणसे, तान्ही मुले व गुरे हलविता येतात.

खाडीकाठी या प्रश्नात भरतीची भर पडते. भिवंडी, कल्याण व ठाणे या तालुक्यांतील खाडीकाठच्या गावांत खारबंदिस्तीची पद्धत फार जुनी आहे. खाडी व शेत यांच्या मध्ये मातीचा बांध घालावयाचा आणि त्यास उघाडी ठेवावयाची. उघाडीचे दार बाहेरच्या अंगास उघडते. ओहोटी लागली, की आतील गोड्या पाण्याच्या दाबाने ते उघडते आणि शेतातील पाणी खाडीत जाते. भरती आली, की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते आणि खारे पाणी आत येत नाही. या बांधांची देखभाल व्हावी म्हणून मुंबई राज्यात १९४८ साली खारजमिनींविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला, आणि पुढे महाराष्ट्रात १९७९ साली खारजमीन विकासाचा नवा कायदा आला. खारेगाव, खारबाव ही आपल्या जिल्ह्यातील गावांची नावे याच इतिहासाची खूण सांगतात.

आता कल्पना करा की उधाणाची भरती आहे, उघाडीचे दार मिटलेले आहे आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस पडत आहे. ओहोटी लागून दार उघडेपर्यंत हे सारे पाणी बांधाच्या आत कोठेतरी राहिले पाहिजे. ते राहण्यासाठीच खाजण असते. कोणी त्या खाजणात मातीचा भराव टाकला, तर पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या सखल भागात, म्हणजे बहुधा गावठाणात, उभे राहते. ज्याने भराव टाकला त्याच्या घरात ते शिरतेच असे नाही. पुष्कळदा शिरते ते दुसऱ्याच्या घरात, आणि म्हणूनच ही गोष्ट एकट्यादुकट्याच्या विवेकावर सोडून भागत नाही. डोंबिवलीच्या मोठागाव-रेतीबंदराकडील काठावर किंवा कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली भरतीच्या वेळी उभे राहिले, तर खाडीचे पाणी किती वर चढते याची कल्पना येते. काठच्या तिवर, चिपी व कांदळ या झाडांच्या मुळांतून शिरताना पाण्याचा वेग मोडतो आणि त्यातील गाळ तेथेच बसतो. ही झाडी निरुपयोगी समजून तोडण्याची रीत होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तीस प्रतिबंध केला आणि २०१८ च्या निकालाने तो कायम झाला.

भरतीची वेळ मुलांस काढता यावी. तिथीच्या अंकास तीनने गुणून चारने भागावे, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ स्थूलमानाने निघते, असा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. खाडीत आत कल्याणच्या बाजूस भरती समुद्रापेक्षा उशिरा पोहोचते, हा फरक गावातील मासेमारी करणाऱ्या मंडळींस विचारून घ्यावा. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग असते. जुलै-ऑगस्टमधील उधाणाचे दिवस शाळेच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने खुणावून ठेवणे हे काम चौथीचा वर्ग सहज करू शकेल.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पाणथळ जागांचे नकाशे सरकारने केलेले नाहीत काय? केलेले आहेत, आणि ते उत्तम आहेत. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून सबंध देशाच्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह २०११ साली प्रसिद्ध केला आणि २०२१ साली त्याची नवी आवृत्ती काढली. हिमालयातील उंचावरच्या सरोवरांचा त्यांनी निराळा संग्रहही केला. उपग्रहास पाणी कसे ओळखता येते, असे मुले विचारतील. सूर्यप्रकाशात डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण असतात. हिरवी पाने ते मोठ्या प्रमाणात परत फेकतात, पाणी मात्र ते शोषून घेते. त्यामुळे अवरक्त चित्रात झाडी उजळ आणि पाणी काळे दिसते. पावसाळ्यापूर्वीचे व पावसाळ्यानंतरचे अशी दोन चित्रे शेजारी ठेवली, म्हणजे कोणते पाणी टिकले व कोणते आटले तेही कळते. ऐन पावसाळ्यात आकाश ढगांनी झाकलेले असते, म्हणून अशी चित्रे त्या वेळी घेता येत नाहीत.

परंतु प्रत्येक जाळ्यास एक छिद्र असते आणि त्याहून लहान मासा त्यातून निसटतो. पहिल्या संग्रहासाठी वापरलेल्या चित्रांत एक ठिपका सुमारे साडेतेवीस मीटर लांबीरुंदीचा होता आणि नकाशाचे प्रमाण १ : ५०,००० होते. या प्रमाणात नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. या नकाशात सव्वादोन हेक्टरांहून लहान पाणथळ जागांची आकृती काढलेली नाही. त्या केवळ बिंदूने दाखविल्या आहेत. सव्वादोन हेक्टर म्हणजे दीडशे मीटर बाजू असलेला चौरस. नकाशावर तो तीन मिलिमीटर बाजूचा होतो, आणि त्याहून लहान आकृती काढण्यात अर्थ नसतो. आपले ६० मीटर लांब व ४० मीटर रुंद तळे त्या नकाशावर जेमतेम सव्वा मिलिमीटर लांबीचे होईल. त्याचा आकार, त्यास मिळणारा ओहोळ, त्याची सांडवाट यांपैकी काहीही त्यात दिसणार नाही.

ही केवळ चित्रकलेची अडचण असती, तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पाणथळ जागांस संरक्षण दिले, ते या संग्रहातील सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ जागांस. म्हणजे नकाशाची सीमा हीच संरक्षणाची सीमा झाली. त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांनी भातशेती, मिठागरे, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी बांधलेली तळी यांस पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळले आहे. या वगळण्यास शेतकऱ्यांच्या सोयीच्या दृष्टीने कारणे असतील, आणि आम्ही त्यांवर वाद घालू इच्छीत नाही. एवढेच लक्षात आणून द्यावयाचे आहे की गावतळे, खाचर व मिठागर पुराचे पाणी अडविताना आपण व्याख्येत बसतो की नाही हे पाहत नाहीत. ज्या लहान जागांमुळे एखाद्या पाड्यात वा आळीत पाणी शिरते अथवा शिरत नाही, त्यांची नोंद वरून होणे कठीण आहे. ती खालून, गावातूनच झाली पाहिजे. आणि गावात मोजमाप, लेखन व चित्र ही तिन्ही कामे जाणणारी संस्था म्हणजे प्राथमिक शाळा होय.

शाळेने नकाशा कसा करावा? गावचा नकाशा तलाठी कार्यालयातून पाहावयास मिळतो. त्यावरून गावठाण, रस्ते व ओढे उतरून घ्यावेत आणि एक सेंटिमीटरास २० मीटर असे मोठे प्रमाण धरावे. या प्रमाणात आपले तळे तीन सेंटिमीटर लांब व दोन सेंटिमीटर रुंद येईल आणि मुलांस त्यात रंग भरता येईल. सबंध गाव एका कागदावर मावत नाही, म्हणून कागद जोडावे लागतात. त्यात बिघडत काहीच नाही. उलट प्रत्येक आळीच्या मुलांस आपापला कागद मिळतो. अंतरे दोरीने वा पावलांनी मोजावीत. पाण्याच्या काठाशी, खाजणात अथवा ओढ्यात मुलांस उतरू देऊ नये. तेथील मोजमाप शिक्षकांनी व गावातील जाणत्या माणसांनी करावे, आणि तेही उन्हाळ्यात.

दुसरे काम विचारपूस करण्याचे, आणि हे सर्वांत मोलाचे आहे. शेतांस व माळांस जुनी नावे असतात. ती सातबाऱ्यावर नसतात, पण आजी-आजोबांस ठाऊक असतात. एखाद्या जागेस खाजण, डबके, डोह वा पाणवठा असे नाव असेल आणि आज तेथे कोरडे मैदान दिसत असेल, तर ते नाव नकाशावर अवश्य लिहावे. कल्याण तालुक्यातील एका लहान शाळेत आम्ही हा उपक्रम पाहिला. एका मुलाने शाळेमागच्या मोकळ्या जागेवर ‘क्रीडांगण’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. नकाशा पाहावयास आलेल्या त्याच्या आजीने काठीचे टोक त्या जागेवर ठेवले आणि म्हटले, “इथं आमची म्हसरं बसायची. आखाडापासून गुडघाभर पाणी असायचं.” गुरुजींनी ते क्रीडांगण खोडले नाही, त्याच्याभोवती निळी तुटक रेघ ओढावयास सांगितली. अशी तुटक रेघ म्हणजे ‘येथे पाणी होते व पुन्हा येऊ शकेल’ ही खूण समजावी.

तिसरे काम उंची मोजण्याचे. त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. गवंडी जमिनीची पातळी पाहण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून वापरतात. नळी कितीही वाकडी असली, तरी तिच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते. नळीची दोन टोके सेंटिमीटरांच्या खुणा केलेल्या दोन काठ्यांस बांधावीत आणि काठ्या दोन ठिकाणी उभ्या धराव्यात. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर मोजणी चुकते. पहिल्या काठीवर पाणी ११० सेंटिमीटरांवर आणि दुसऱ्या काठीवर ९५ सेंटिमीटरांवर दिसले, तर दुसरी जागा पहिलीपेक्षा १५ सेंटिमीटर उंच आहे. ज्या काठीवर अंक लहान, ती जागा उंच. हे मुलांस प्रथम उलटे वाटते, म्हणून वर्गातील पायरीवर ते करून दाखवावे. अंतर अधिक असेल तेथे टप्प्याटप्प्याने मोजत जाऊन फरकांची बेरीज-वजाबाकी करावी.

वर सांगितलेल्या शाळेत याच नळीने एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. पूर आला असता गावकऱ्यांनी शाळेच्या ओसरीवर जमावे, असे तेथे पूर्वापार ठरलेले होते. शाळा पक्की, तेव्हा ती सुरक्षित, अशी सर्वांची समजूत. मुलांनी शाळेच्या ओसरीपासून देवळाच्या प्रांगणापर्यंत टप्प्याटप्प्याने मोजणी केली, तेव्हा देवळाचे प्रांगण ४५ सेंटिमीटर उंच निघाले. मग २००५ सालच्या पुराचे पाणी कोठवर आले होते, याची चौकशी झाली. एका वृद्ध शेतकऱ्याने शाळेच्या भिंतीवर ओसरीपासून ३० सेंटिमीटरांवर बोट ठेवले. हिशेब सरळ होता. तेवढाच पूर पुन्हा आला, तर शाळेच्या ओसरीवर ३० सेंटिमीटर पाणी असेल आणि देवळाचे प्रांगण पाण्याच्या १५ सेंटिमीटर वर राहील. शिवाय देवळाकडे जाणारी वाट त्या तुटक रेघेच्या जागेतून जात होती. म्हणून पाणी वाढण्यापूर्वीच निघावयाचे आणि वरच्या आळीकडून वळसा घालून जावयाचे, असे ठरले. हा वळसा मुलांनी नकाशावर तांबड्या रंगाने दाखविला.

पूररेषेची खूण एका माणसाच्या आठवणीवर अवलंबून ठेवू नये. तीन-चार घरांत स्वतंत्रपणे विचारावे आणि प्रत्येक खुणेची उंची एकाच स्थिर जागेपासून, उदाहरणार्थ शाळेच्या पहिल्या पायरीपासून, मोजावी. खुणांत हातभर फरक पडला, तर पुन्हा विचारावे. खूण निश्चित झाल्यावर ती भिंतीवर तैलरंगाने रंगवून शेजारी सालही लिहावे.

तयार झालेला नकाशा शाळेत तसबिरीत लावून ठेवणे पुरेसे नाही. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी आणि ग्रामसभेत मुलांनी तो समजावून सांगावा. एक प्रत तलाठ्यांकडे जावी, म्हणजे तहसील कार्यालयात आपत्ती निवारणाचा विचार होताना ती उपलब्ध राहील. आणखी एक प्रत ओढ्याच्या खालच्या अंगास असलेल्या गावच्या शाळेस पाठवावी व वरच्या गावच्या शाळेकडून त्यांची मागवावी. पाणी आपल्या गावच्या शिवेवर थांबत नाही, तेव्हा नकाशानेही तेथे थांबू नये. मुरबाडच्या शाळेचा कागद कल्याणच्या शाळेच्या कागदास जोडला, तर पाऊस वर पडल्यावर खाली काय होणार याची कल्पना दोन्हीकडील मुलांस येईल. जे शिक्षकबंधुभगिनी डोंबिवली-कल्याणहून रोज वरच्या गावांतील शाळांत जातात, त्यांस तर हे पाणी आपल्याच दारावरून पुढे जाते हे निराळे सांगावयास नको.

नकाशा एकदा काढून संपत नाही. वैशाखात, पाणी सर्वांत कमी असताना, एकदा आणि भाद्रपदात पाऊस ओसरत असताना एकदा, असे वर्षातून दोनदा त्या जागा पाहून घ्याव्यात. नवीन भराव, बुजलेली मोरी, मोडलेली उघाडी, पडलेला बांध असे जे काही आढळेल ते तारखेसह नोंदवावे. जुना कागद मात्र टाकून देऊ नये. त्याच्या मागे वर्ष व वर्गातील मुलांची नावे लिहून तो शाळेच्या दप्तरात ठेवावा आणि पुढील वर्षीच्या चौथीस नव्या कागदाबरोबर तो काढून द्यावा.